अनाथाश्रमातील दिव्यांग मुले आणि स्वयंसेवेची कसोटी

जगभरच्या अनाथाश्रमांत राहणारी बहुसंख्य मुले खऱ्या अर्थाने अनाथ नसतात. आई किंवा वडील, पुष्कळदा दोघेही, हयात असतात. दिव्यांग मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच ठळकपणे दिसते. मूल जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत वेगळे असल्याचे ध्यानात येते. औषधोपचार परवडत नाहीत, जवळपास थेरपी देणारे कुणी नसते, शाळा दारात उभे करत नाही. घरातली कमावती माणसे मुलापाशी बसून राहू शकत नाहीत. डॉक्टर किंवा शेजारपाजारचे ‘संस्थेत ठेवा’ असा सल्ला देतात आणि कुटुंब तो मानते. काही मुले रेल्वे स्थानकावर, बस स्टँडवर किंवा रुग्णालयाच्या आवारात सोडून दिलेली सापडतात.

जगात सुमारे २४ कोटी मुले कोणत्या ना कोणत्या अपंगत्वासह वाढत आहेत, असा युनिसेफचा २०२१ चा अंदाज आहे. संस्थांमध्ये राहणाऱ्या एकूण मुलांचा आकडा मात्र नीटसा हाती लागत नाही. युनिसेफने तो २७ लाखांच्या आसपास धरला होता, तर २०२० मध्ये ‘लॅन्सेट’च्या अभ्यासगटाने सुमारे ५४ लाख असा अंदाज मांडला. अनेक देशांत बऱ्याच संस्थांची नोंदच नसते, त्यामुळे एवढी तफावत पडते. ज्या मुलांची मोजदादही होत नाही, त्यांची काळजी कोण आणि कशी घेते, हा प्रश्न सरकारी यंत्रणेच्या नजरेबाहेर राहतो. ही पोकळी भरून काढायला पुढे येणाऱ्यांत स्वयंसेवक फार मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या मदतीने काय साधते आणि काय बिघडते, याचा सर्वांत सविस्तर धडा गेल्या शतकाच्या अखेरीस रोमानियात मिळाला.

रोमानिया: संकट कसे घडले

रोमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याच्या राजवटीने ऑक्टोबर १९६६ मध्ये ७७० क्रमांकाचा हुकूमनामा काढला. देशाची लोकसंख्या वाढवायची म्हणून गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आली आणि संततिनियमनाची साधने मिळेनाशी झाली. चार मुले झालेल्या किंवा ठरावीक वय ओलांडलेल्या स्त्रियांना सूट होती. पुढे १९८० च्या दशकात परदेशी कर्ज फेडण्यासाठी सरकारने अन्नधान्य निर्यात केले आणि देशात रेशन, वीजकपात, थंडीत गार पडलेली घरे अशी अवस्था आली. पोसता न येणारी मुले सरकारी संस्थांत ठेवण्याची वाट मोकळी होती, आणि सरकार आपल्यापेक्षा मुलांना बरे सांभाळेल असे लोकांना सांगितलेही जात होते.

१९७० च्या कायद्याने या संस्थांची उतरंड तयार केली. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतची मुले शिशुगृहात राहत. तिसऱ्या वर्षी एक समिती त्यांची तपासणी करी. जी मुले शिकू शकतील, पुढे कामाला लागतील असे वाटे, ती बालगृहांत जात. ज्यांच्या फायलीवर ‘सुधारणा अशक्य’ असा शेरा पडे, त्यांना गावापासून दूरच्या, रुग्णालयवजा वसतिगृहांत पाठवले जाई. तिरळे डोळे, फाटलेला ओठ, वाकडे पाऊल अशी साध्या शस्त्रक्रियेने बरी होणारी व्यंगे असलेली मुलेही या शेऱ्यात अडकत. शिशुगृहात कुणी बोलायलाच नसल्यामुळे उशिरा बोलू लागलेले मूलही मंदबुद्धी ठरे.

डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली. तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत होती. पश्चिम रोमानियातल्या बिहोर जिल्ह्यातल्या चिगिद येथे १९९० च्या वसंतात जर्मन पत्रकार पोहोचले. तिथे अडीच-एक वर्षांत सव्वाशेहून अधिक मुले भूक, थंडी आणि न्यूमोनियाने दगावली होती. मुंडण केलेली, कपड्यांविना, एकेका खाटेवर दाटीवाटीने पडलेली मुले टीव्हीच्या पडद्यावर दिसली. काहींना खाटेला बांधून ठेवले होते. कित्येक मुले तासन् तास मागेपुढे झुलत किंवा डोके कठड्यावर आपटत होती. स्पर्श, आवाज, हालचाल यांपैकी काहीच बाहेरून मिळत नसले, की मूल स्वतःच्याच शरीरातून ते मिळवते, असे या झुलण्याचे स्पष्टीकरण बालविकासाचे अभ्यासक देतात.

मदतीची लाट

ही दृश्ये पाहून ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका अशा अनेक देशांतून माणसे निघाली. ब्लँकेटे, दुधाची भुकटी, औषधे आणि खेळणी भरलेले ट्रक युरोप ओलांडून आले. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांनी गळके नळ, बंद पडलेले हीटर, तुंबलेली शौचालये दुरुस्त केली. परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट कित्येक महिने राहिल्या. गरम पाणी, पुरेसे अन्न, स्वच्छ सुया आणि प्रतिजैविके एवढ्याने मृत्यू झपाट्याने घटले. स्वच्छ सुयांचे महत्त्व तिथे विशेष होते: अशक्त बालकांना थोडेथोडे रक्त टोचण्याची पद्धत आणि निर्जंतुक न केलेल्या सुया यांमुळे हजारो मुलांना एचआयव्हीची लागण झाली होती. चिगिदमध्येही नवे डॉक्टर आणि बाहेरची मदत आल्यावर मृत्यूचे सत्र थांबले, आणि सुधारणा अशक्य म्हणून टाकून दिलेली काही मुले चालायला आणि बोलायला शिकली. जीव वाचवण्याच्या टप्प्यावर स्वयंसेवकांनी केलेले काम निर्विवाद मोठे होते.

दुसऱ्या टप्प्यावर अडचणी सुरू झाल्या. दान आलेली खेळणी ‘मोडतील’ म्हणून कपाटांत कुलूपबंद झाली. रंगवलेल्या भिंती आणि नव्या खाटा पाहून संस्था सुधारल्यासारखी वाटे, पण दिवसाचा क्रम तोच राही. काही आठवड्यांसाठी आलेले तरुण मुलांना कडेवर घेत, खेळवत, गाणी म्हणत, आणि सुटी संपली की परत जात. स्थानिक कर्मचाऱ्यांना परदेशी पाहुण्यांसमोर कमीपणा वाटे, आणि पाहुणे गेल्यावर हट्टी झालेल्या मुलांचा राग त्यांनाच सोसावा लागे. दत्तक घेण्यासाठी आलेल्या परदेशी जोडप्यांमुळे मुलांची सरळसरळ खरेदी-विक्री सुरू झाली. १९९० पासून जुलै १९९१ पर्यंत हजारो मुले देशाबाहेर गेली, तेव्हा कुठे सरकारने हे दत्तक थांबवले. बाहेर गेलेल्या मुलांत दिव्यांग मुले फार थोडी होती.

संस्थाच अपंगत्व घडवते

मोठ्या संस्थेत वाढलेल्या मुलांचे काय होते, याची चर्चा रोमानियाच्या आधीपासून होती. रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये शिशुगृहांतल्या बालकांवर लिहिले होते. खाणेपिणे व स्वच्छता मिळूनही ती बालके खंगत जात, असे त्यांना आढळले. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी तयार केलेल्या अहवालात, लहान मुलाला एका स्थिर, मायेच्या माणसाची गरज अन्नाइतकीच असते, असे मांडले. तरीही ‘संस्थांत मुळातच दुर्बळ मुले येतात, म्हणून ती मागे पडतात’ हा युक्तिवाद शिल्लक राहिला होता.

या युक्तिवादाचे उत्तर बुखारेस्टमध्ये मिळाले. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००० मध्ये तिथे एक प्रकल्प सुरू केला. शहरातल्या सहा संस्थांमधली सहा ते एकतीस महिन्यांची १३६ मुले त्यांनी निवडली. उघड दिसणारे जनुकीय किंवा मेंदूचे आजार असलेली मुले वगळली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्मी मुले प्रशिक्षित पालक-कुटुंबांत पाठवली गेली आणि निम्मी आहे तिथे राहिली. कोणत्याही मुलासाठी पुढे घर मिळाले तर अभ्यासासाठी ते अडवायचे नाही, अशी अट शास्त्रज्ञांनी घालून घेतली होती. साडेचार वर्षांच्या वयात दोन्ही गटांची बुद्धिमापन चाचणी झाली. संस्थेत राहिलेल्या मुलांची सरासरी ७३ च्या आसपास आली, कुटुंबात गेलेल्यांची ८१ च्या आसपास. जी मुले दोन वर्षांच्या आत घरात गेली, त्यांना फायदा सर्वांत अधिक झाला. हे निष्कर्ष २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

धडधाकट जन्मलेली मुले केवळ संस्थेत वाढल्यामुळे मंद ठरावीत एवढी मागे पडतात, हे या अभ्यासाने दाखवले. मग जे मूल आधीच सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा बहिरेपण घेऊन आले आहे, त्याच्यावर दुहेरी भार पडतो. त्याचे मूळ अपंगत्व असते तेवढेच राहत नाही. न बसवल्यामुळे पाठीचा कणा वाकतो, न हलवल्यामुळे सांधे आखडतात, न बोलल्यामुळे भाषा खुंटते. संस्थेत पाहायला मिळणाऱ्या अपंगत्वाचा मोठा हिस्सा असा नंतर जोडला गेलेला असतो, आणि हा जोडलेला भाग टाळता येण्याजोगा असतो. स्वयंसेवेचे खरे कार्यक्षेत्र हेच आहे.

एका घासाचे काम

हे काम किती बारकाईचे आहे ते जेवणाच्या वेळी समजते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या जिभेवर आणि घशाच्या स्नायूंवर मेंदूचा ताबा पुरेसा नसतो. अशा मुलाला आडवे ठेवून भरवले, की पातळ अन्न अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. ठसका लागतो, किंवा लागतही नाही आणि अन्न गुपचूप फुप्फुसात जाते. त्यातून वरचेवर न्यूमोनिया होतो. संस्थांमधल्या दिव्यांग मुलांच्या मृत्यूचे हे एक नेहमीचे कारण आहे.

योग्य पद्धत अशी: मुलाला सरळ बसवायचे, कंबर आणि गुडघे काटकोनात, पावले खाली टेकलेली. मान मागे पडू द्यायची नाही, हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली हवी. भरवणाऱ्याने उभे न राहता मुलाच्या नजरेच्या पातळीवर समोर बसायचे, म्हणजे घास घेण्यासाठी मुलाला मान वर करावी लागत नाही. अन्न पाण्यासारखे पातळ नको आणि कोरडेही नको. मऊ खिमटीसारखे, चमच्यावर थांबेल इतके घट्ट हवे. चमचा लहान आणि पसरट घ्यायचा, समोरून आणायचा, जिभेच्या मध्यावर हलकेच दाबायचा आणि मुलाने ओठ मिटेपर्यंत थांबायचे. चमचा वरच्या दातांवर घासून रिकामा करायचा नाही. गिळून झाल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास. जेवणानंतर अर्धा तास मूल बसतेच ठेवायचे.

एका मुलाला असे भरवायला अर्धा तास सहज लागतो. मुले सांभाळणाऱ्या एका मावशीकडे पंधरा मुले असतील, तर एका वेळच्या जेवणाला साडेसात तास हवेत. तिच्याजवळ एक तास असतो. म्हणून बाटलीच्या निपलचे भोक मोठे करून, मुलाला आडवे ठेवून, पातळ पेज ओतली जाते. ही रीत रोमानियातही होती आणि आजही अनेक देशांतल्या गर्दीच्या संस्थांत आहे. तिच्यामागे दुष्टपणा नसतो, हातांची टंचाई असते. हे न ओळखता कर्मचाऱ्यांना निर्दय म्हणणारा स्वयंसेवक पहिल्याच दिवशी त्यांचे सहकार्य गमावतो.

हीच गोष्ट इतर कामांची. पडून असलेल्या मुलाला दर दोन तासांनी कूस बदलून दिली नाही, तर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. आखडणारे सांधे रोज थोडे थोडे, न दुखवता ताणावे लागतात. जोर केला तर ठिसूळ हाडे मोडतात. फिट्सचे औषध एक दिवसही चुकता कामा नये, आणि साठा संपण्याआधी नवा यायला हवा. अंध मुलाला उचलण्याआधी आवाज द्यायचा असतो. बोलता न येणाऱ्या मुलाला ‘हो’ आणि ‘नाही’ सांगण्यासाठी एक ठरलेली खूण मिळाली, तर त्याच्या आयुष्यात मोठा बदल घडतो. मात्र ती खूण त्या संस्थेतल्या सगळ्या मोठ्या माणसांना ठाऊक असली पाहिजे. एकट्या स्वयंसेवकाला ती कळत असेल, तर तो गेला की मूल पुन्हा मुके होते.

हातातले कौशल्य मागे ठेवणे

यावरून उपयोगी स्वयंसेवेचा मुख्य नियम ठरतो: काम मुलासाठी, पण शिकवण कायम राहणाऱ्या माणसाला. फिजिओथेरपिस्टने स्वतः रोज वीस मुलांचे व्यायाम घेण्यापेक्षा चार मावशींना प्रत्येकी पाच मुलांचे व्यायाम शिकवले, तर ते वर्षानुवर्षे चालतात. व्यायाम आंघोळ, कपडे बदलणे, कडेवर घेणे या रोजच्या कामांत बसवता आले, तर त्यासाठी वेगळा वेळही काढावा लागत नाही.

या विचाराची उत्तम पायाभरणी मेक्सिकोत झाली. तिथल्या आहोया या डोंगरी खेड्यात खुद्द अपंग ग्रामस्थांनी चालवलेला ‘प्रोहिमो’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. त्या अनुभवातून डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मध्ये ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ हे चित्रमय पुस्तक लिहिले. गावच्या सुताराला, लोहाराला करता येतील अशा खुर्च्या, आधाराच्या पाट्या, कुबड्या आणि चालण्याचे कठडे यांची मापे त्यात दिली आहेत. परदेशातून दान आलेली प्रौढ मापाची व्हीलचेअर लहान मुलाला घातक ठरू शकते: पाय लोंबकळतात, कंबर घसरते, कणा वाकतो, आणि एक चाक निखळले तर गावात सुटा भाग मिळत नाही. तेच काम मुलाच्या मापाने बनवलेली लाकडी किंवा थरांनी चिकटवलेल्या पुठ्ठ्याची खुर्ची चांगले करते, आणि मूल वाढले की नवी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या शरीराला आणि परिसराला साजेशी असली पाहिजे, आणि ती देताना मापे, जुळवणी व शिकवणी यांची सोय हवी.

स्वयंसेवकाच्या मुक्कामाची लांबी म्हणूनच महत्त्वाची ठरते. पहिले काही आठवडे मुलांची नावे, औषधे आणि खुणा कळण्यात जातात. ज्याच्याजवळ दोनच आठवडे आहेत, त्याने मुलांच्या खोलीपेक्षा इतर कामे उचलावीत: धुलाईची जागा दुरुस्त करणे, उतारांची बांधणी, औषधांच्या नोंदी लावणे, मुलांच्या मापाच्या खुर्च्या बनवणे, कर्मचाऱ्यांसाठी एखादे प्रशिक्षण. या कामांतून मुलांना मिळणारा लाभ टिकाऊ असतो आणि ताटातुटीचे दुःख त्यांच्या वाट्याला येत नाही.

ताटातूट हा भावुक मुद्दा वाटला तरी तो आरोग्याचा मुद्दा आहे. संस्थेत वाढलेली मुले अनोळखी पाहुण्याच्या अंगाशी धावत येतात, हात धरतात, मांडीवर चढतात. पाहुण्याला वाटते, आपला लळा लागला. प्रत्यक्षात कुटुंबात वाढलेले लहान मूल अनोळखी माणसाला बिचकते आणि आईमागे लपते. कुणालाही मिठी मारणे हे हक्काचे माणूस न मिळाल्याचे लक्षण असते. पाठोपाठ येऊन जाणाऱ्या मायाळू अनोळखी माणसांमुळे हे लक्षण अधिक पक्के होते. माणसे जवळ येतात आणि निघून जातात, एवढेच मूल शिकते. शिवाय कुणाच्याही जवळ जाणारे मूल अत्याचार करणाऱ्याच्या हाती सहज लागते, आणि बोलता न येणाऱ्या मुलाला तक्रारही करता येत नाही.

सदिच्छेचा बाजार

पर्यटनावर जगणाऱ्या काही देशांत या सदिच्छेभोवती धंदा उभा राहिला. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. नेपाळमध्येही बहुतेक बालगृहे काठमांडू, पोखरा अशा पर्यटकांच्या वाटेवरच्या जिल्ह्यांत एकवटली. शिक्षणाचे आमिष दाखवून दूरच्या डोंगरी खेड्यांतून मुले आणायची, कागदोपत्री ती अनाथ ठरवायची आणि पाहुण्यांकडून देणग्या घ्यायच्या, अशी ही साखळी होती. अशा ठिकाणी मुले गरीब दिसण्यात चालकाचा फायदा असतो.

ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीने २०१७ मध्ये या प्रकाराची आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात दखल घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ च्या बालहक्क ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीचा उल्लेख केला आणि मुलांना कुटुंबापासून तोडण्याऐवजी कुटुंबांना बळ देण्याचे आवाहन केले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या करारातही अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता कामा नये, असे तेविसावे कलम स्पष्ट सांगते.

भारतातली चौकट

भारतात मुलांच्या निवासी संस्थांवर २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे. संस्थेची नोंदणी सक्तीची असते आणि नोंदणी न करणे हा गुन्हा आहे. मुलाला संस्थेत ठेवण्याचा आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. मुलाचे नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यास कलम ७४ मनाई करते, त्यामुळे वाढदिवसाला संस्थेत केक कापून मुलांसोबतचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणे कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, स्वयंसेवकावरही. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे.

दिव्यांग मुलांचा वेगळा पेच अठराव्या वर्षी उभा राहतो. कायद्याच्या दृष्टीने ते प्रौढ होतात आणि बालगृहाचे दार त्यांच्यासाठी बंद होते, पण तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणाला बाहेर एकटे राहता येत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. राहायच्या जागेचा प्रश्न मात्र पुष्कळांसाठी सुटलेला नाही.

अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी याच प्रश्नासाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला. बेवारस सापडलेली गतिमंद, मूकबधिर, अंध मुले त्यांनी वाढवली, कागदपत्रांवर वडील म्हणून स्वतःचे नाव दिले, आणि अशा मुलांना अठरा वर्षांनंतरही आश्रय मिळावा अशी मागणी सरकारकडे लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी तिथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. वझ्झरच्या कामातून दिसते ते असे, की मुलाला आयुष्यभर पुरणारे एक माणूस आणि एक पत्ता मिळाला, तर अपंगत्व असूनही माणूस उभा राहतो.

जाण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

एखाद्या संस्थेत काम करू इच्छिणाऱ्याने आधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. संस्था नोंदणीकृत आहे का? मुले कुठून, कोणत्या आदेशाने आली, आणि त्यांच्या घरच्यांचा शोध घेतला जातो का? स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी होते का? कुणीही यावे आणि मुलांना उचलून घ्यावे अशी मुभा असेल, तर ती संस्था सुरक्षित नाही. मुलाला एकट्याला बाहेर नेऊ दिले जाते का? उत्तर ‘नाही’ असेल तर चांगले. कामावर देखरेख कोण करते, आणि हे काम स्थानिक माणसाला पगार देऊन करून घेता येईल का? प्रवास आणि राहणे यांवर होणाऱ्या खर्चात गरीब देशात एका मावशीचा कित्येक महिन्यांचा पगार निघतो. अनेकदा तेच सर्वांत मोठे दान ठरते.

रोमानियानेही शेवटी स्थानिक माणसांना पगार आणि कुटुंबांना आधार देण्याची दिशा धरली. २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांना, तीव्र अपंगत्वाचा अपवाद सोडून, संस्थेत ठेवणे बंद केले आणि पुढे ही वयोमर्यादा वाढवली. पगारी पालक-कुटुंबे, लहान गट-घरे, दिवसा चालणारी थेरपी केंद्रे आणि कुटुंबांना भत्ते उभे राहिले. २००७ मध्ये युरोपीय संघात प्रवेश मिळवण्याची इच्छा हे त्यामागचे मोठे बळ होते. जुन्या धाटणीच्या प्रचंड संस्था एकामागून एक बंद झाल्या. त्या कायद्यातला अपवाद नेमका दिव्यांग बालकांचा होता, आणि संस्थांतून सर्वांत उशिरा बाहेर पडलेल्यांत तीच होती. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा आणि अधिक प्रयत्न लागतो.

स्वयंसेवेतून काय साधले, हे मोजायची मापे साधी आहेत. वर्षभरात मुलांची वजने वाढली का? न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमा कमी झाल्या का? किती मावशी मुलाला बसवून, न ठसकता भरवू लागल्या? किती मुलांना त्यांच्या मापाची खुर्ची आणि बोलण्याची खूण मिळाली? किती आईवडिलांना मुलाला घरी सांभाळण्यापुरती थेरपी, औषधे आणि पैसे मिळाले, आणि किती मुले घरी किंवा पालक-कुटुंबात गेली? स्वयंसेवक परत गेल्यावर सहा महिन्यांनीही या प्रश्नांची उत्तरे चांगली येत असतील, तर ती सेवा मुलांच्या उपयोगी पडली असे म्हणता येते.